जुन्या येझदीचे ६ व्होल्ट १२ करता येतात का?
होय, खानापूरच्या पावसात वापरायच्या जुन्या येझदी २५० मोटरसायकलचे ६ व्होल्टचे वायरिंग १२ व्होल्टवर नेता येते. मात्र नुसती बॅटरी बदलून भागत नाही, रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), हॉर्न आणि झाडून सगळे बल्ब १२ चेच लागतात. ३५ वॅटचा हेडलाइट ६ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर ओढतो, १२ वर त्याच्या निम्मे, त्यामुळे हिरवट गंज चढलेल्या जोडांत वाया जाणारी वीज बरीच कमी होते, हे मी माझ्या गाडीला मीटर लावून पाहिले आहे. अडचण एवढीच की मूळ डायनॅमो, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, १२ व्होल्ट द्यायला अधिक फेरे मागतो, आणि बेळगावच्या खडेबाजारातील गर्दीत रांगत गेल्यास बॅटरी उतरते. ठिणगीही बॅटरीवरच असल्याने मग इंजिनच बंद पडते. म्हणून आधी डायनॅमोतले झिजलेले कार्बन ब्रश बदलून काळवंडलेला कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा फिरता भाग) साफ करावा. पुष्कळदा तेवढ्यानेच ६ व्होल्टचा दिवा उजळतो.