मराठीतलं 'होतो' दिसलं की इंग्रजीत 'हॅड' लावू नका: पास्ट परफेक्ट नक्की कधी?

तुम्ही विचारलंय की, "काल मी लातूरला गेलो होतो" याचं इंग्रजी "येस्टरडे आय हॅड गॉन टू लातूर" असं केलं तर सरांनी त्यावर लाल रेघ मारली. मराठीत 'होतो' आहे, मग इंग्रजीत 'हॅड' का नको? आणि नको असेल तर पास्ट परफेक्ट, म्हणजे हा 'हॅड'वाला भूतकाळ, वापरायचा कुठं?

सरांची रेघ बरोबर आहे. तिथं "येस्टरडे आय वेन्ट टू लातूर" एवढंच हवं. मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या पेपरात या काळाची ही चूक बऱ्याचदा दिसते, आणि तिचं मूळ व्याकरणाच्या पाठांतरात नसून आपल्या बोलण्यात आहे.

आपण 'होतो, होता, होते' कधी लावतो ते बघा. "मामा आले" म्हटलं की मामा अजून घरात आहेत. "मामा आले होते" म्हटलं की येऊन गेले. म्हणजे गोष्ट घडली, मिटली, आता तिचं काही चालू नाही, एवढं सांगायला आपण 'होते' लावतो. इंग्रजीत पहिल्याला "अंकल हॅज कम" आणि दुसऱ्याला "अंकल केम" म्हणतात. दुसऱ्यातसुद्धा 'हॅड' येत नाही. नुसतं मिटलेलं काम सांगायला इंग्रजीला साधा भूतकाळ पुरतो.

इंग्रजीतला 'हॅड' ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा करतो: कशाच्या आधी? भूतकाळातला एक क्षण आधी खुंट्यासारखा रोवलेला लागतो, आणि 'हॅड' त्या खुंट्याच्याही मागचं काम दाखवतो. "येस्टरडे आय हॅड गॉन टू लातूर" या सुट्या वाक्यात खुंटाच नाही, म्हणून वाचणारा अडकतो. पण "माय ब्रदर केम होम येस्टरडे, बट आय हॅड गॉन टू लातूर" हे वाक्य बिनचूक आहे. भाऊ घरी आला तो खुंटा, तुमचं जाणं त्याच्या आधीचं.

परीक्षेत पटकन ताडून बघायचं असेल तर मराठी वाक्यात 'तोवर' घालून बघा. "भाऊ आला, तोवर मी लातूरला गेलो होतो" हे नीट बसतं, इथं 'हॅड' येतो. "काल तोवर मी लातूरला गेलो होतो" म्हटलं की लगेच वाटतं, तोवर म्हणजे कधीवर? उत्तर नसेल तर साधा भूतकाळ लिहा.

क्रमानं सांगत गेलात तरीही 'हॅड' लागत नाही. एका सहलीवरचे हे चार ओळींचे लिखाण बघा, असं सर्रास लिहिलं जातं:

"लास्ट संडे वी हॅड गॉन टू वेरूळ. वी हॅड सीन द कैलास टेंपल. वी हॅड टेकन लंच देअर. वेन वी रीच्ड द बस स्टॉप, द लास्ट बस लेफ्ट."

तीन ठिकाणी 'हॅड' फुकट गेला आणि जिथं हवा होता तिथं नाही. दुरुस्त करून असं होतं: "वी वेन्ट टू वेरूळ. वी सॉ द कैलास टेंपल. वी हॅड लंच देअर. वेन वी रीच्ड द बस स्टॉप, द लास्ट बस हॅड लेफ्ट." गेलो, पाहिलं, जेवलो ही कामं घडली त्याच क्रमानं येतात, मागं वळायची गरज नाही. शेवटच्या वाक्यात मात्र थांब्यावर पोचल्यावर आपण मागं वळून सांगतो की बस त्याआधीच सुटली. 'लेफ्ट' लिहिलं असतं तर अर्थ झाला असता की आपण पोचलो आणि बस आपल्या डोळ्यांदेखत निघाली. एका 'हॅड'नं हकीकत बदलते. (तिसऱ्या वाक्यातला 'हॅड लंच' वेगळा आहे. तिथं 'हॅड' म्हणजे 'जेवलो', तो साधा भूतकाळच.)

'हॅड' नेहमी आधी घडलेल्या कामाला लागतो. "द बस लेफ्ट वेन वी हॅड रीच्ड" असं उलटं केलं तर आपण आधी पोचलो, मग बस सुटली असं होईल. 'हॅड' दोन्हीकडं लावू नका.

किती काळ चाललं होतं हे सांगायलाही हाच काळ लागतो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. "वेन हैदराबाद स्टेट वॉज लिबरेटेड ऑन १७ सप्टेंबर १९४८, इंडिया हॅड बीन इंडिपेंडंट फॉर थर्टीन मंथ्स." १५ ऑगस्ट १९४७ पासून मोजायचं, पण मोजणी थांबते १७ सप्टेंबर १९४८ ला, आजवर येत नाही. आजवर आली असती तर 'हॅज बीन' लागलं असतं.

'बाय द टाइम' नंतर भूतकाळातलं वाक्य आलं, तर दुसऱ्या भागातल्या कामाला 'हॅड' लावायचा: "बाय द टाइम द वॉटर ट्रेन रीच्ड लातूर इन एप्रिल २०१६, द मांजरा डॅम हॅड ड्राइड अप." स्थिती सांगायची असेल तर 'वॉज' चालतो: "बाय द टाइम वी रीच्ड, इट वॉज डार्क."

'बिफोर' आणि 'आफ्टर' या शब्दांतूनच क्रम कळतो, म्हणून तिथं 'हॅड' ऐच्छिक आहे. "द रेन स्टॉप्ड बिफोर वी रीच्ड होम" आणि "द रेन हॅड स्टॉप्ड बिफोर वी रीच्ड होम" दोन्ही बरोबर. शाळेत बहुतेक 'हॅड'वालंच शिकवतात, तेव्हा परीक्षेत तेच लिहिलेलं सुरक्षित. पण पहिलं चूक समजू नका.

रचना अगदी सोपी आहे: 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. आय, ही, दे, कोणीही असो, 'हॅड' बदलत नाही. गडबड होते ती तिसऱ्या रूपात. 'हॅड वेन्ट' नाही, 'हॅड गॉन'. 'हॅड केम' नाही, 'हॅड कम'. 'हॅड सॉ' नाही, 'हॅड सीन'. 'हॅड बिगॅन' नाही, 'हॅड बिगन'. नकारात 'हॅड नॉट गॉन', प्रश्नात 'हॅड यू गॉन'. 'डिड' मध्ये आणायचाच नाही.

आणखी एक चूक हमखास सापडते. मोंढ्यात लिलाव संपला होता, याचं "द ऑक्शन हॅड ओव्हर" करतात. 'ओव्हर' हे क्रियापद नाही, त्याला तिसरं रूपच नाही. "द ऑक्शन वॉज ओव्हर" म्हणा किंवा "द ऑक्शन हॅड फिनिश्ड". तसंच 'हॅड बॉर्न' नाही, 'वॉज बॉर्न'.

परीक्षेत हा काळ आणखी तीन ठिकाणी दबा धरून बसतो. इनडायरेक्ट स्पीचमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगताना, ही सेड, "आय सोल्ड द कॉटन येस्टरडे" याचं "ही सेड दॅट ही हॅड सोल्ड द कॉटन द प्रीव्हियस डे" होतं. 'नो सूनर' नं वाक्य सुरू झालं की 'हॅड' कर्त्याच्या आधी येतो आणि पुढं 'दॅन' लागतो: "नो सूनर हॅड द बेल रंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट." इथं 'रँग' लिहिलं तर गुण गेले. 'दॅन'च्या जागी 'वेन' लिहिलं तरीही. 'वेन' लागतो तो 'हार्डली'ला.

तिसरं ठिकाण 'इफ'चं. वेळेवर पेरलं असतं तर सोयाबीन चांगलं आलं असतं: "इफ वी हॅड सोन इन टाइम, द सोयाबीन वुड हॅव डन वेल." पेरणी वेळेवर झालीच नाही, हे 'हॅड' सांगतो. मराठीत दोन्हीकडं 'असतं' येतं, म्हणून 'इफ'च्या भागातही 'वुड हॅव' लिहायचा मोह होतो. तो भाग 'हॅड'चा, 'वुड हॅव' दुसऱ्या भागात.