स्पीडवेची सरासरी : तेच ते प्रश्न

स्पीडवे म्हणजे मोटरसायकलींच्या शर्यतींबद्दल गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच गोंधळ आहे. अमक्या रायडरची सरासरी नऊ, तमक्याची दहा, मग तमका मोठा ना? एकेकाला वेगळं लिहून हात दुखला, म्हणून इथे एकत्र उत्तरं देते. मी संख्याशास्त्र शिकवत असे, १९८१ पासून लेस्टरला राहते आणि तेव्हापासून ब्रिटिश लीगच्या सरासरींच्या वह्या ठेवते.

ताई, स्पीडवेच्या गाडीला खरंच ब्रेक नसतात का? (नाशिक)

नसतात. एक सिलिंडर, ५०० सीसी, इंधन मिथेनॉल, शर्यतीत गिअर बदलायची सोय नाही.

लहानपणी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या. तोच खेळ ना? (पुणे)

नाही. ते सुपरक्रॉस. स्पीडवेचा ट्रॅक सपाट आणि लंबगोल असतो. चार रायडर, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने. उडी कुठेच नाही, मागचं चाक घसरवत वळायचं.

सरासरी ९.६० म्हणजे कशापैकी? दहापैकी समजायची का? (सांगली)

बारापैकी. हीट म्हणजे सामन्यातली एक शर्यत, तीत दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर. हीटमध्ये पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. जुन्या १३ हीटच्या सामन्यात रायडरला साधारण चार हीट मिळत, म्हणून चारही जिंकल्या तर १२. आजही हिशेब त्या चारावरच चालतो : गुण अधिक बोनस, त्याला चारने गुणायचं आणि धावलेल्या हीटच्या संख्येने भागायचं. कुणी २४ हीटमध्ये ४६ गुण आणि ५ बोनस मिळवले, तर ५१ गुणिले ४ भागिले २४, म्हणजे ८.५०. पडला, शून्य मिळालं, तरी ती हीट मोजायची.

बोनस कुणाला, हेही लगेच सांगते, कारण पुढचं पत्र तेच असतं. आपल्या जोडीदाराच्या लगेच मागे आणि निदान एका प्रतिस्पर्ध्याच्या पुढे जो येतो, त्याला एक बोनस. संघाच्या धावफलकावर तो चढत नाही, रायडरच्या नावावर चढतो. जोडीदाराला मागे टाकण्याच्या नादात प्रतिस्पर्ध्याला वाट मिळू नये, यासाठी ही सोय.

व्हॉट्सॲपवर 'ब्रिटिश लीगचे आजवरचे सर्वोत्तम वीस' अशी सरासरीनुसार यादी फिरते आहे. तिच्यात इव्हान माउगर सातवा आणि ज्याचं नाव मी कधी ऐकलं नाही असा एक जण तिसरा. यादी बरोबर आहे का? (मुलुंड)

ही यादी मला सहा जणांनी पाठवली. सहाही जणांनी 'फॉरवर्डेड' असा शिक्का असलेला मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलला आणि एकानेही विचारलं नाही की यात हीटचा आकडा का नाही. हीटचा आकडा नसलेली सरासरी मी वाचतच नाही. एक रायडर मोसमात एकदाच आला, चार हीट धावला, ११ गुण घेऊन घरी गेला. त्याची सरासरी ११.००. दुसरा एप्रिल ते ऑक्टोबर पावसात, चिखलात, घरी आणि परक्या मैदानांवर शंभराहून जास्त हीट धावून १०.८० वर थांबला. यादी पहिल्याला वर ठेवणार. माझ्या वहीत ६० पेक्षा कमी हीट असतील तर नाव वेगळ्या पानावर जातं, आणि मी ते पान कुणाला तुलनेसाठी देत नाही.

आता लीग कोणती, ते बघू. ब्रिटिश लीग १९६५ साली सुरू झाली. त्याआधी नॅशनल लीग आणि प्रोव्हिन्शियल लीग अशा दोन लीग होत्या, त्या एकत्र करून १८ संघांची एक लीग केली. पहिलं विजेतेपद वेस्ट हॅमचं. पुढे सहा वेळा जगज्जेता झालेला माउगर १९६४ पर्यंत न्यूकॅसलकडून प्रोव्हिन्शियल लीगमध्ये धावत होता. तेव्हाची त्याची सरासरी आणि त्याच न्यूकॅसलकडून १९६५ नंतरची सरासरी यांची बेरीज करून मधला आकडा काढला, तर तो आकडा कुठल्याच लीगचा राहत नाही. पुढे १९६८ साली दुसरी डिव्हिजन आली. तिथे नऊ-दहाने धावणारी मुलं वरच्या डिव्हिजनमध्ये गेली की पाच-सहावर यायची, आणि त्यात कमीपणा काही नव्हता, समोरची माणसं बदलली होती. म्हणूनच खालून वर जाणाऱ्या रायडरच्या सरासरीला अधिकृत गुणक लावून ती कमी करून घेत. १९९५ साली दोन्ही डिव्हिजन पुन्हा एकत्र केल्या, १९९७ ला पुन्हा वेगळ्या. तुमच्या यादीत हे सगळं एका रकान्यात कोंबलंय. तिसऱ्या क्रमांकावरचे ते गृहस्थ संपूर्ण कारकीर्द दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होते. चांगले रायडर होते, पण माउगरच्या समोर उभे राहून ती सरासरी त्यांनी काढलेली नाही.

तिसरी गोष्ट बोनसची. अ ने २४ हीटमध्ये ५४ गुण घेतले, बोनस एकही नाही : ९.००. ब ने २४ हीटमध्ये ४४ गुण घेतले आणि १० बोनस : तोही ९.००. ब वाईट नव्हे, संघाला असा माणूस हवाच असतो. पण १० हीटमध्ये त्याच्या पुढे त्याचाच जोडीदार होता, आणि तो जोडीदार कोण होता हे कळल्याशिवाय ब चे नऊ आणि अ चे नऊ मी शेजारी मांडणार नाही. हान्स निल्सनसारखा माणूस जोडीला असेल तर बोनस मिळणं सोपं जातं. १९८०च्या दशकात ऑक्सफर्डसाठी निल्सनची सरासरी अकराच्या वर असे, आणि त्या संघाने १९८५, १९८६ आणि १९८९ ची लीग जिंकली.

चौथी गोष्ट रायडर कुठल्या क्रमांकावर धावला ती. हल्लीच्या १५ हीटच्या सामन्यात दुसरी हीट राखीव रायडरांची असते, म्हणजे समोर दोन्ही बाजूंचे सर्वांत कच्चे खेळाडू. तिथे दर आठवड्याला तीन गुण घेणारा मुलगा महिन्याभरात सातवर जातो. मग त्याला मुख्य पाचांत घेतात आणि तो साडेचारवर येतो. लोक म्हणतात फॉर्म गेला. फॉर्म तसाच आहे, हीट बदलल्या.

हे एवढं तावातावाने का सांगते? कारण या आकड्यांवर माणसांची नोकरी असते. ब्रिटनमध्ये रायडरांच्या सरासरींची बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या आत बसवूनच संघ बांधावा लागतो. मर्यादा वर्षागणिक बदलते. चांगला मोसम गेलेल्या रायडरची सरासरी वाढते आणि त्याच कारणाने पुढच्या वर्षी तो संघात बसत नाही. अधिकृत सरासरी ज्या पत्रकात निघते त्याला ग्रीन शीट म्हणतात, आणि ते आलं की मॅनेजर कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. ज्या आकड्याच्या दुसऱ्या दशांशावर कुणाचा करार अडतो, तो गंमत म्हणून यादीत टाकू नये.

ती यादी पुसून टाका. त्या काळाचं पाहायचंच असेल तर त्या वर्षीचं छापील वार्षिक काढा, आणि दोन आकडे जुळत नसतील तर संबंधित क्लबच्या नोंदी ठेवणाऱ्याला विचारा. बहुतेक क्लबांकडे असा एक जुना माणूस असतो आणि तो उत्तर देतो.

म्हणजे जो जगज्जेता, तोच लीगच्या सरासरीत पहिला, असं धरायचं का? (इंदूर)

धरू नका. १९९४ पर्यंत जागतिक विजेतेपद एका रात्रीच्या अंतिम फेरीत ठरायचं. १९७३ ला पोलंडमधल्या खोझुफला येर्झी श्चाकियेल आणि माउगर यांचे गुण सारखे झाले, निर्णायक शर्यतीत माउगर पडला आणि श्चाकियेल जगज्जेता. तोवर माउगर चारदा जगज्जेता झाला होता आणि पुढे आणखी दोनदा झाला. लीगची सरासरी सबंध मोसमाची असते. १९९५ पासून मोसमभर अनेक फेऱ्यांची ग्रां प्री मालिका आली, तरी २००० साली मार्क लोरॅमने एकही फेरी न जिंकता जागतिक विजेतेपद मिळवलं. दोन मापं वेगळी आहेत, वेगळीच ठेवा.

मी व्रोत्सवाफला आयटीत आहे. इथल्या ऑलिंपिक स्टेडियमवर स्पार्ताचे सामने बघतो. इथे चांगल्या रायडरची सरासरी २.३ दाखवतात. पोलिश लीग इतकी कच्ची आहे? (व्रोत्सवाफ, पोलंड)

पोलंडमध्ये सरासरी दर हीटची काढतात. चारने गुणा : ९.२०. आणि कच्ची म्हणू नका, आजघडीला जगातले सर्वांत तगडे रायडर त्याच लीगमध्ये आहेत, म्हणून तिथले ९.२० आणि इंग्लंडमधले ९.२० एका तागडीत घालू नका.

ओव्हे फुन्दिनची सही असलेली, नॉर्विचच्या १९६६ मधल्या लीग सामन्याची कार्यक्रम-पुस्तिका एक विक्रेता पंधरा हजार रुपयांना देतो आहे. सोबत 'अस्सल असल्याचं प्रमाणपत्र' आहे. घेऊ का? (ठाणे)

घेऊ नका. नॉर्विचचा द फर्स हा ट्रॅक १९६४ च्या मोसमानंतर बंद झाला. १९६५ च्या ब्रिटिश लीगमध्ये नॉर्विच नव्हतंच. १९६६ चा सामना झाला कुठे? फुन्दिन नॉर्विचचा लाडका, पाच वेळा जगज्जेता, म्हणून त्याचं नाव विकलं जातं. प्रमाणपत्र विक्रेत्यानेच छापलेलं असतं. कुठलाही जुना कागद घेण्याआधी आतलं स्कोअरकार्ड मागा. जुने प्रेक्षक पेनाने निकाल भरत असत. प्रत्येक हीटमध्ये सहा गुण वाटले जातात, १३ हीटचे ७८. बेरीज ७८ पेक्षा जास्त निघाली तर भरणाऱ्याने मनाने भरलंय. कमी निघाली तर कुणी पडलं किंवा बाद झालं असेल, तेवढ्यावरून शंका घेऊ नका. आणि पंधरा हजार मोजण्याआधी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या लिलाव-तज्ज्ञाला सही दाखवा. त्याची फी पंधरा हजारांहून कमीच असेल.

माझा पुतण्या व्हिडिओ बघून गाडीचा पुढचा ब्रेक काढून गावच्या मैदानात सराव करणार म्हणतोय. काही सूचना? (सातारा)

आजच थांबवा. स्पीडवेची गाडी ब्रेकशिवाय चालते कारण ती त्यासाठीच बनवलेली असते. रायडरच्या मनगटाला दोरी बांधलेली असते, तो पडला की इंजिन आपोआप बंद होतं. डाव्या बुटाखाली पोलादी पट्टी असते. ट्रॅकवर समोरून बैलगाडी येत नाही. एवढं सगळं असून दोनदा जगज्जेता झालेला पीटर क्रेव्हन १९६३ ला एडिंबरोच्या अपघातानंतर गेला, १९८९ ला ब्रॅडफर्डच्या ओडसलवर एरिक गुंडरसनची कारकीर्द संपली, २०१५ ला पोलंडमध्ये डार्सी वॉर्डला कायमचं अपंगत्व आलं. मिथेनॉलचा प्रयोग तर चुकूनही नको, ते विषारी आहे आणि त्याची ज्वाला दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. मुलाला खरंच शिकायचं असेल तर मान्यताप्राप्त मोटरस्पोर्ट संस्थेच्या प्रशिक्षकाकडे न्या, आणि त्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

कार्यक्रम-पुस्तिकेत एका रायडरपुढे '११+१' लिहिलंय, चार हीट. हे मॅक्सिमम का? (बेळगाव)

हो, पेड मॅक्सिमम, म्हणजे बोनस धरून बारा. एकाही प्रतिस्पर्ध्याने त्याला हरवलं नाही, एकदा तो आपल्याच जोडीदाराच्या मागे राहिला.

मी मागेही लिहिलं होतं. माझे मामा कॉव्हेंट्रीत नोकरीला होते, त्यांची ब्रँडन स्टेडियमच्या पुस्तिकांची ट्रंक आमच्या माळ्यावर आहे. सगळ्यांत त्यांनी गुण भरलेत. अजून काही करता आलं नाही. दिवाळीनंतर बघितलं तर चालेल ना? (डोंबिवली)

तुमचं पहिलं पत्र माझ्याकडे आहे, ते दोन वर्षांपूर्वीचं आहे. मधे दोन पावसाळे गेले. डोंबिवलीच्या माळ्यावर दोन पावसाळ्यांत पिना गंजून कागद खातात, हे तुम्हाला सांगायला नको. कॉव्हेंट्रीने १९७८ आणि १९७९ ची लीग जिंकली तेव्हा जगज्जेता ओले ओल्सन त्यांच्याकडे होता. मामा त्या मोसमांत हजर असतील, तर त्यांच्या पेनाने भरलेलं प्रत्येक पान म्हणजे साक्षीदाराची नोंद आहे. ब्रँडनवर २०१६ नंतर लीगचा सामना झालेला नाही. तिथे जाऊन ते पुन्हा कुणी भरून आणू शकत नाही.

मी हे स्वतः भोगलं आहे. लेस्टरच्या ब्लॅकबर्ड रोडवर एका वयस्कर प्रेक्षकाकडे पंधरा वर्षांच्या भरलेल्या पुस्तिका होत्या. 'पुढच्या मोसमात उतरवून घेते' असं मी म्हटलं. तो ट्रॅक १९८३ नंतर बंद झाला, ते गृहस्थ मला पुन्हा भेटले नाहीत आणि माझ्या वहीतली ती पानं आजही कोरी आहेत.

दिवाळीनंतर नको, या रविवारी. ट्रंक खाली आणा, उन्हात ठेवू नका, पंख्याखाली सावलीत उघडा. काही पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. खिडकीजवळच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलवर काढा, मुखपृष्ठावरची तारीख आणि मधलं स्कोअरकार्ड अगदी स्पष्ट यायला हवं. चिकटलेली पानं ओढू नका, ती तशीच कोरड्या कागदात गुंडाळा आणि जुन्या कागदपत्रांचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. मुंबईत मोठ्या ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत अशी माणसं आहेत, फोन करून वेळ घ्या. फोटो मला पाठवा, १९७८ पासून सुरुवात करा.