साहेबांशी बोलायचं कुणी?

प्रश्न: माझा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करून आठ महिन्यांपूर्वी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला लागला. पद ज्युनिअर सुपरवायझर, हातात 19 हजार येतात. आम्ही कळव्याला राहतो. रोज घरी आला की तक्रारी सुरू. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. शनिवारी रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज येतो, उद्या या. ओव्हरटाइम देत नाहीत. गौरी-गणपतीची रजा 'बघू, बघू' करत शेवटी नाकारली, कणकवलीची तिकिटं रद्द करावी लागली. मॅनेजर कामगारांसमोर ओरडतात. आता म्हणतो, राजीनामा टाकतो आणि एमपीएससीचा अभ्यास करतो. त्याचे बाबा वागळे इस्टेटला एकाच कंपनीत 27 वर्षं होते. ते म्हणतात, आम्ही नाही का सहन केलं? दोघांचं बोलणं बंद आहे. मीच त्याच्या साहेबांना फोन करून बघू का?
– एक आई, कळवा

उत्तर:

ताई, फोन अजिबात करू नका. आईचा फोन आलेला मुलगा महिनाभर कॅन्टीनमध्ये चेष्टेचा विषय होतो. मी टेबलाच्या त्या बाजूला बसायचे तेव्हा हे पाहिलंय.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळ्या तक्रारी तारीखवार म्हणाव्यात इतक्या नीट लिहिल्या आहेत. पण त्यातली एक तरी त्याने मॅनेजरना सांगितली का, आणि ते काय म्हणाले, हे कुठेच नाही. माझा अंदाज, सांगितलेली नाही. कंपनीतला राग घरच्या जेवणाच्या ताटावर निघतोय.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी काही वर्षं पर्सोनेल, म्हणजे आताचं एचआर, सांभाळलं. नोकरी सोडणाऱ्याशी शेवटच्या दिवशी बोलायचं, हे माझं काम. असाच एक मुलगा वीस मिनिटं भडाभडा बोलला. शिफ्ट, रजा, साहेबांचा तोंडपट्टा. त्यातल्या दोन गोष्टी तर मी तासाभरात सोडवल्या असत्या. मी विचारलं, "अरे, आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "कुणी विचारलंच नाही." मला राग आला होता त्याचा. नंतर कळलं की चूक आमचीच होती. पण नोकरी मात्र त्याची गेली.

आता तुमच्या यजमानांबद्दल थोडं, राग मानू नका. त्यांनी 27 वर्षं सहन केलं, हे मला पूर्ण पटत नाही. त्या काळच्या वागळे इस्टेटमधल्या बऱ्याच कंपन्यांत युनियन होती. कॅन्टीनच्या चहापासून बोनसपर्यंत सगळ्याचं मागणीपत्र जायचं, करार व्हायचा, नाहीच जमलं तर गेट मीटिंग आणि काळ्या फिती. त्यांच्या कंपनीत हे असेल, तर त्यांना एकट्याला साहेबांसमोर उभं राहावं लागलं नाही. त्यांच्या वतीने बोलणारा कुणीतरी कमिटीत होता. तुमच्या मुलाच्या वतीने बोलायला कुणी नाही. 'सहन कर' एवढाच सल्ला त्याला दिला, तर बाबांच्या अनुभवातला अर्धाच भाग त्याच्या हाती येतो.

म्हणून बोलायला शिकायचं, आणि सुरुवात रविवारच्या कामाच्या मुद्द्यापासून करायची, कारण त्याची बाजू तिथे सगळ्यात भक्कम आहे. आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दराने पैसे, हा नियम 1948 च्या कारखाना कायद्यात होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. साप्ताहिक सुट्टी बुडाली तर बदली सुट्टी त्या महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची असते. मग याला का मिळत नाही? मला वाटतं, गोम त्या 'सुपरवायझर' शब्दात आहे. देखरेख करणाऱ्यांना ओव्हरटाइमच्या तरतुदीतून वगळता येतं, म्हणून काही ठिकाणी हाताखाली एकही माणूस नसलेल्या पोराला सुपरवायझर करून टाकतात. वाद झालाच तर पदाच्या पाटीपेक्षा तो प्रत्यक्ष काय काम करतो हे पाहिलं जातं. दिवसभर हातात व्हर्नियर घेऊन पिसांची मापं घेणारा मुलगा कुणावर देखरेख करतो?

पण हे कलम घेऊन पहिल्याच दिवशी केबिनमध्ये शिरू नये. तो मेसेज रात्री साडेदहाला का येतो, तेही बघावं. बहुधा गिऱ्हाइकाची ऑर्डर शनिवारी संध्याकाळी बदलते आणि सोमवारचा ट्रक भरायचा असतो. मॅनेजरच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं असतं. सोमवारी दुपारी, डिस्पॅचची घाई नसताना, एवढंच म्हणावं: "सर, गेल्या दोन महिन्यांत मी पाच रविवार आलो. पुढेही गरज पडली तर येईन. फक्त शनिवारी दुपारी चारपर्यंत कळलं तर बरं पडेल. आणि या पाच दिवसांची बदली सुट्टी कधी घेऊ?" आकडा खरा असावा, म्हणून आधी पंधरा दिवस वहीत येण्या-जाण्याची वेळ लिहावी आणि जुने रविवार ग्रुपवरच्या मेसेजवरून काढावेत. बोलणं झालं की संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज: आपलं असं असं ठरलं. टोमणे नकोत, हसऱ्या इमोजी नकोत.

लेट मार्कच्या बाबतीत मात्र मी कंपनीच्या बाजूची आहे. कळव्याहून ठाण्याला यायचं, पूल चढून नऊ-दहा नंबर फलाटावर ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, हा व्याप मला माहीत आहे. रस्त्याने जावं तर पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली पाणी. पण लाइन सुरू होताना पहिला पीस पास करणारा तोच असेल, तर तो येईपर्यंत मशीन उभी राहते. एक गाडी आधीची पकडावी. कापलेला अर्धा दिवस नियमात बसतो का, हे पगाराची स्लिप आणि नेमणूकपत्र शेजारी ठेवून बघावं. आणि हो, पीएफ कापत असतील तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, टाकून पासबुकात दर महिन्याची रक्कम जमा होते का, तेही एकदा बघून घ्यायला सांगा.

गणपतीचं दुखणं वेगळं आहे. अर्ध्या ठाण्याला त्याच आठवड्यात कोकणात जायचं असतं, आणि प्रॉडक्शनवाल्यांना हे दरवर्षी नव्यानेच कळतं! रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. रजेचा अर्ज त्याच दिवशी जावा, लेखी, आणि 'माझं काम त्या दिवसांत अमुक बघेल, त्याच्याशी बोललो आहे' या वाक्यासकट. 'बघू' हे उत्तर आलं तर आठ दिवसांनी पुन्हा विचारायचं. 'बघू' म्हणजे होकार असं धरून तिकीट काढायचं नाही.

कामगारांसमोर ओरडणं हे मला यातलं सगळ्यात अवघड वाटतं. ज्यांचं काम तपासायचं त्यांच्यासमोरच याची शोभा झाली, तर उद्या रिजेक्शन दाखवल्यावर त्याचं ऐकेल कोण? हेच कारण मॅनेजरना एकांतात सांगावं. "सर, चूक असेल तर केबिनमध्ये बोलवा, लाइनवर बोललात की ऑपरेटर मला मोजत नाहीत." कामाच्या भाषेत सांगितलं तर काही साहेब ऐकतात. काही नाही ऐकत. ज्याला ओरडण्याची सवयच लागली आहे, त्याला तुमचा मुलगा बदलू शकणार नाही, आणि तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर नोकरी बदलण्यात काहीच गैर नाही. रबाळ्यापासून महाप्यापर्यंत क्वालिटीच्या माणसाला जागा निघत असतात, आणि अनुभवपत्रावर वर्ष पूर्ण दिसलं तर बोलणी सोपी जातात.

फक्त हातात दुसरी ऑफर असताना सोडावी. नोटीस किती दिवसांची आहे, ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचे, अशा बाँडवर सही केली आहे का, हे आधी वाचावं. 'बाँड म्हणजे नुसता कागद' असं मुलं बिनधास्त सांगतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा आणि दोन लाख रुपयांचा बाँड वैध ठरवला आहे.

एमपीएससीबद्दल एकच विचारते. आठ महिन्यांपूर्वी त्याने त्याचं नाव तरी काढलं होतं का? नसेल, तर तो अभ्यासाकडे जात नाहीये, रबाळ्यापासून पळतोय. मंत्रालयातही साहेब असतातच.

आणि एक काम त्याच्या बाबांसाठी. त्यांच्या कंपनीतल्या कराराची किंवा मागणीपत्राची एखादी जुनी प्रत माळ्यावर, फंडाच्या कागदांत असली तर शोधायला सांगा. एखाद्या रविवारी, कंपनीत बोलावलं नसेल तेव्हा, दोघांनी ती वाचावी. कुठली मागणी आधी घातली, कुठली सोडून दिली, मॅनेजमेंटने काय मान्य केलं, हे बाबांना अजून पाठ असेल. बोलणं बंद असलं तरी तेवढं ते सांगतील.