चाक उडतंय? रिम बदलण्याआधी टायर बघा

नवीन टायर घातल्यापासून सायकलचं चाक दर फेऱ्याला एकदा उडतं, म्हणजे रिम गेली, आता स्वस्तातली कुठली घेऊ, असं तुम्ही विचारलंय. थांबा, रिम इतक्यात भंगारात काढू नका.

चाक उचलून फिरवा आणि टायरच्या बाजूला, रिमच्या लगेच वर, बारीक उठावाची रेघ असते तिच्याकडे बघा. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एका जागी रिमच्या आत बुडालेली दिसली, तर टायर तिथं बसलेलाच नाही. शंका उरली तर टायर काढून नुसती रिम ब्रेकच्या रबराशेजारून फिरवून बघा.

मी एकदा हे न बघता अख्खी संध्याकाळ आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढत बसलो. तारा ओढून ओढून दोन निपल, म्हणजे तारा आवळायचे छोटे नट, गोल केले. दोष निघाला रिमच्या आत मीच हौसेनं दोन वेढे मारलेल्या कापडी टेपचा! रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. टायर चढवताना त्याची कड तिथं उतरली की समोरच्या बाजूला ढील मिळते. जाड टेपनं तो भाग भरला की टायर चढतानाही भांडतो आणि बसतोही वाकडा. टेप पातळ, एकच वेढा, तारांची भोकं झाकेल एवढीच रुंद.

आता बसवायचं कसं? हवा पूर्ण सोडा, दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा. ट्यूब जेमतेम गोल होईल इतकीच हवा भरा. व्हॉल्व आत ढकलून पुन्हा बाहेर ओढा, कारण तिथंच ट्यूब कडेखाली चिमटते. बुडालेली जागा दोन्ही हातांनी बाहेर ओढा आणि मग हवा वाढवा. बरेचदा ‘टप्’ असा आवाज होऊन कड जागेवर येते. टायरवर छापलेल्या कमाल दाबापुढे मात्र जाऊ नका; रिमवर त्याहून कमी आकडा असेल तर तो पाळा. तेल किंवा ग्रीस अजिबात नको. टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व मुळाशी फाटतो.

एवढं करूनही रिमच वाकडी निघाली, तर इंचांवर विसंबून नवी घेऊ नका. ‘२६ इंची’ म्हणून ५५९ मिमीचीही मिळते आणि ५९० चीही. एकीचा टायर दुसरीला बसत नाही. जुन्या टायरवर ‘४७-५५९’ असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा रिमशी जुळायला हवा. तारांची भोकं हबइतकीच (हब म्हणजे चाकाच्या मधला तुंबा), ३२ किंवा ३६. कमी पैशांत मी डबल वॉल, म्हणजे दुहेरी भिंतीची, ॲल्युमिनियम रिम बघतो, बाकी चकाकी सोडून देतो. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर क्रोमचं लोखंड नकोच, पावसात ब्रेक लागता लागत नाही. रिमची टोकं जुळतात त्या जोडावरून नख फिरवा. अडकलं तर दुसरी मागा. आणि जुन्याच तारा वापरायचा विचार असेल तर आधी दोन्ही रिमचा आतला व्यास मोजा, तो वेगळा निघाला तर तारा आखूड किंवा लांब पडतात.