ऑफर आली म्हणतो, ऑर्डर कुठाय?

अबे,

तुझा मेसेज रात्रीच पाहिला पण फोनवर एवढं टाइप करणं आपल्याच्यानं होत नाही, म्हणून आज कॉम्प्युटरवर बसलो. कॉलेजची बास्केटबॉल टीम सांभाळायची ऑफर आली, सोमवारपासून या म्हणाले, पेमेंटचं नंतर बघू म्हणाले, आणि तू हो म्हणून मोकळा. अभिनंदन, मनापासून. बीपीएड केलं, पटियाळाला जाऊन सहा आठवड्यांचा कोचिंगचा कोर्स करून आला, कोर्टवरचं तुला मी काय सांगू. पण ऑफर आली म्हणतो तर नेमणुकीची लेखी ऑर्डर कुठाय?

तुला वाटंल सर पैशाचंच घेऊन बसले. बसलो. कारण "मुलांसाठी करा ना सर" हे वाक्य मी 14 वर्षं ऐकलं आणि दरवेळी विरघळलो. पहिली तीन वर्षं 11 महिन्यांची ऑर्डर यायची, मग तीही बंद झाली, तोंडी सुरू राहिलं. मे महिन्याचा पगार नाही कारण सुट्ट्या, पण नागपूरच्या मे मध्ये समर कॅम्प कोण घेऊन राहिलं होतं? मीच, पहाटे साडेपाचला, कारण आठ वाजल्यानंतर त्या सिमेंटवर पाय ठेवायची सोय नव्हती. कॅम्प संपला की पोरांना तर्री-पोहेही माझ्याच खिशातून. बायको म्हणायची तुम्ही नोकरी करता की अन्नछत्र चालवता, मी हसून सोडून द्यायचो.

मग एका वर्षी बाहेरच्या टूर्नामेंटला गेलेल्या पोरांचा प्रवासखर्च मिळाला नाही. मी हिशोब मागितला, तोही लेखी. आयुष्यात पहिल्यांदा काही लेखी मागितलं आणि आठ दिवसांनी फोन आला, उद्यापासून येऊ नका. बस. कागद नाही, कारण नाही. मला वाटलं साहेब रागात आहेत, उतरंल राग, म्हणून दोन महिने ऑफिसच्या चकरा मारल्या, बाहेरच्या बाकड्यावर बसलो, शिपाई चहा द्यायचा बिचारा. ते दोन महिने सगळ्यात महाग पडले. सिव्हिल लाइन्सला वकिलाकडं गेलो तेव्हा कळलं की कॉलेजच्या कर्मचाऱ्याला काढलं तर विद्यापीठ कायद्याखाली ट्रिब्युनलमध्ये अपील करता येतं, पण ऑर्डर हातात पडल्यापासून 30 दिवसांत. वकील म्हणाले ऑर्डर दाखवा. माझ्याकडं ना नेमणुकीची धड ऑर्डर ना काढल्याची, तारीख धरायची कुठून? समोरच्यांनी तर सरळ लिहून दिलं की हे आमचे कर्मचारीच नव्हते, अधूनमधून मानधनावर येत होते. 14 वर्षं अधूनमधून!

वाचवलं कशानं माहीत आहे? इंटर-कॉलेजिएट टूर्नामेंटच्या एलिजिबिलिटी फॉर्मनं, म्हणजे ही पोरं खेळायला पात्र आहेत असं कॉलेज लिहून देतं तो कागद. त्यावर कोच म्हणून माझी सही, खाली प्राचार्यांची सही आणि शिक्का, नऊ वर्षांच्या झेरॉक्स घरी ट्रंकेत होत्या. मी हुशार म्हणून नाही, आमच्याकडं बायको कागद फेकूच देत नाही म्हणून. त्याच्या जोडीला बँकेचं पासबुक. अडीच वर्षं चाललं, शेवटी तडजोड झाली, थकलेल्यातले काही पैसे मिळाले, नोकरी नाही मिळाली.

म्हणून सोमवारी जायच्या आधी कागद माग. पदाचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, महिन्याचे किती, मे-जूनचं काय, पैसे कॉलेज देणार की संस्था. पीएफ कापणार असतील तर यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, घे आणि पासबुक स्वतः उघडून बघत जा, कापले आणि भरले यात फरक असतो बाबू. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सुटताना दर वर्षामागं 15 दिवसांचा पगार, ती द्यावी लागू नये म्हणून नोकरी सलग नव्हती म्हणायला मे महिन्याचा ब्रेक दाखवतात, ते मला वकिलाकडं बसल्यावर समजलं. आणि जे तोंडी ठरंल ते त्याच दिवशी संध्याकाळी मेल कर, "आज बोललो त्याप्रमाणे" म्हणून दोन ओळी. कोणाला राग यायचा तर पहिल्याच आठवड्यात येऊ दे.

आता जे लिहितो ते मी कोणाला सांगितलं नाही. तू तेव्हा फर्स्ट इयरला, बेंचच्या टोकाला बसायचा, तुला वाटत असंल टीमनं त्या वर्षी खेळायचं नाही ते आपणच ठरवलं. ठरवलं पोरांनीच. पण आठ जण माझ्या घरी आले होते, जिन्यात बसले, म्हणाले सर तुम्हाला परत घेत नाहीत तोवर आम्ही उतरत नाही. मी तिथंच हाकलायला पाहिजे होतं. मी म्हणालो तुमची मर्जी. खरं सांगतो, छाती फुगली होती माझी.

पोरं उतरली नाहीत ती इंटर-कॉलेजिएट, आणि युनिव्हर्सिटीची टीम त्याच टूर्नामेंटमधून निवडतात. आपल्या पॉइंट गार्डचं, म्हणजे टीमचा खेळ चालवणाऱ्याचं, ते शेवटचं वर्ष होतं, दोन्ही हातांनी सारखा ड्रिबल करणारा पोरगा, मान वर ठेवून पास द्यायचा, युनिव्हर्सिटीकडून वेस्ट झोनच्या टूर्नामेंटला शंभर टक्के गेला असता, कलर होल्डर, म्हणजे युनिव्हर्सिटीचा खेळाडू म्हणून नाव लागलं असतं. नाही झाला. आता धरमपेठेत दुकानावर बसतो, भेटला की वाकून पाया पडतो, त्याचंच जास्त लागतं मला. मॅनेजमेंट मुलांच्या नावावर माझ्याकडून फुकट राबवून घेत होती म्हणून मी कोर्टात गेलो आणि इकडं माझं भांडण मी त्याच मुलांच्या अंगावर टाकलं. त्यानं एकदाही विषय काढला नाही. मीही नाही काढला, हिंमत नाही होत.

तर तुझं कधी मॅनेजमेंटशी वाजलंच, आणि वाजंल, तर ग्राउंडवर त्यातलं अक्षर बोलायचं नाही. टीमच्या ग्रुपवर तर नाहीच. पोरं विचारतील, रडतील, बॅनर करू म्हणतील. कॅप्टनला बाजूला घेऊन सांग की एन्ट्री भर आणि खेळ, माझं मी बघतो. तुझ्या जागी जो नवीन कोच येईल त्याला पोरांबद्दल सांगून ठेव, कोणाचा गुडघा दुखतो, कोण उपाशी प्रॅक्टिसला येतो, हे त्याला कागदावर सापडणार नाही. जीव जळतो असं करताना, माहीत आहे. मी नाही केलं.

आणि हो, पहिल्या दिवशी ड्रिल-बिल काही घेऊ नको, आधी रिंग मोज. 3.05 मीटर पाहिजे. आमच्याकडं कोर्टवर सिमेंटचा नवा थर टाकला आणि खांब तेच ठेवले, जमीन वर आली, रिंग तेवढीच खाली. दोन वर्षं आमची पोरं घरी धडाधड बास्केट करायची आणि बाहेर गेली की सगळे शॉट शॉर्ट, मी त्यांच्या मनगटावर ओरडत राहिलो. एका पोराच्या बापानं, मिस्त्री आहे तो, उभ्या-उभ्या पाहून सांगितलं, सर रिंग खाली आहे.

रविवारी सकाळी घरी ये, मेलचा मजकूर सोबत बसून लिहू. टेप माझ्याकडं आहे, घेऊन जा.

तुझा सर