दारापाशी कोण बसलंय?

"ताई, आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. दर शनिवारी सकाळी चर्चचा हॉल भाड्याने घेऊन आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं पाच वर्षांखालच्या मुलांचा खेळगट चालवतो. गाणी, चित्रं, मराठी गप्पा आणि शेवटी खाऊ. गेल्या महिन्यात तीन वर्षांचा एक मुलगा दार ढकलून थेट गाड्यांच्या पार्किंगमध्ये गेला. शेजारच्या एका बाईंनी त्याला हात धरून आत आणलं, तोवर आम्हाला पत्ताच नव्हता. मी सुचवलं की हजेरी घेऊ, दारापाशी कुणीतरी बसू. तर एक ताई म्हणाल्या, 'आता आपल्याच माणसांवर पहारा बसवायचा का?' मी गप्प बसले. काय करू?"

पत्र वाचून माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या शनिवारी मात्र गप्प बसू नका.

तुमच्या हॉलमध्ये पंधरा-वीस मोठी माणसं असतात, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. माझं नाही तर दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष असेलच, असं प्रत्येकाला वाटतं. इथल्या नर्सरीत दोनच्या आतल्या तीन बाळांमागे एक, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक आणि त्यापुढच्या सहसा आठांमागे एक मोठं माणूस असावं लागतं. तुमच्याकडे माणसं त्याहून जास्त आहेत, फक्त कुणाकडे काय हे ठरलेलं नाही. आईवडील स्वतः हजर असतात अशा खेळगटाला सहसा ऑफस्टेडची, म्हणजे शाळा-नर्सऱ्या तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागत नाही, त्यामुळे तपासायलाही कुणी येणार नाही. सगळं आपल्यालाच बघायचंय.

आधी दाराचं बोलू. अशा हॉलना आगीच्या वेळी बाहेर पडायचं एक दार असतं, आडवी दांडी ढकलली की उघडणारं. तीन वर्षांच्या मुलालाही ती ढकलता येते. ते दार कुलूप लावून किंवा पुढे टेबल सरकवून बंद करू नका, आग लागली तर तेच जिवावर बेतेल. तिथे माणूसच बसायला हवं, खुर्ची टाकून, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळीने. पाळी असेल त्याने फोन पिशवीत ठेवायचा. आलेल्या मुलांची नावं कागदावर, जाताना नावापुढे खूण, आणि ठरलेल्या माणसाखेरीज कुणी मूल घरी न्यायचं असेल तर आईवडिलांनी आधी सांगायचं. एवढं पुरे.

खाऊबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण आपल्या लाडातच इथे धोका आहे. आपण मुलांच्या मागे मागे फिरून घास भरवतो. मूल घसरगुंडीवर, आई वाटी घेऊन खाली. माझी मुलगी लहान असताना अशाच एका हॉलमध्ये एका बाळाच्या घशात द्राक्ष अडकलं. बाळ रडत नव्हतं, खोकत नव्हतं, नुसतं तोंड उघडं आणि ओठ काळेनिळे. एका आजोबांनी त्याला पालथं धरून पाठीत थापा मारल्या तेव्हा ते हिरवं द्राक्ष अख्खंच्या अख्खं फरशीवर पडलं. मी आजही द्राक्षं उभी चिरून चार फोडी केल्याशिवाय कुठल्या लहान मुलाच्या हातात देत नाही.

म्हणून खाऊ बसूनच, सतरंजीवर. पाच वर्षांखाली अख्खे शेंगदाणे, काजू, बदाम नकोत. चिक्की, फुटाणे आणि पॉपकॉर्नही नकोत. लाडवावर लावलेला काजू आणि आतला बेदाणा आधी काढून घ्या. घास अडकून खोकताही येत नसेल तर दोन खांद्यांच्या मधे पाच थापा. वर्षाच्या वरच्या मुलाला तेवढ्याने उपयोग झाला नाही तर पोटावर पाच दाब. वर्षाच्या आतल्या बाळाला दाब पोटावर द्यायचा नाही, छातीवर द्यायचा. तरीही निघालं नाही तर 999 वर फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, घास आणखी आत जातो. हे वाचून हातात बसत नाही. ब्रिटिश रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांचे वर्ग असतात, गटातल्या दोघी-तिघींनी तरी करून या.

दुसरी गोष्ट ॲलर्जीची. ब्रिटनमध्ये खाण्याच्या पदार्थांत ज्या 14 गोष्टींचा उल्लेख करावाच लागतो त्यांत शेंगदाणा आहे, तीळही आहे. आता आपली संक्रांत आठवा. प्रत्येक मावशी कौतुकाने मुलाच्या तोंडात वडी घालते. खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि "अगं, चिमूटभरच घातलंय" हे ठरलेलं उत्तर. ज्या मुलाला ॲलर्जी आहे त्याला चिमूटभरही जिवावरचं असू शकतं. गटात असं एक जरी मूल असेल तर त्या शनिवारी कूट आणि तीळ घरीच राहू देत. एरवीही नियम एकच ठेवा: खाऊ आपापल्या आईबाबांच्या हातूनच. ॲलर्जीचा तीव्र झटका आला तर टोचायची ॲड्रेनालिनची दोन पेनं त्या मुलाच्या जवळ असावीत, बाहेर टांगलेल्या कोटाच्या खिशात नव्हेत, आणि ती कशी टोचायची हे आईखेरीज आणखी दोघांना यायला हवं.

चहाचा थर्मास आणि कप मुलांच्या खोलीत आणूच नका. ओतल्यावर पंधरा मिनिटांनीही चहाने बाळाची कातडी भाजू शकते. भाजलंच तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ बघून. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काहीही नको.

दिवाळीत सेलवरच्या प्लास्टिकच्या पणत्या आणाल, त्यांच्या बुडाशी बहुतेकदा नाण्यासारखा चपटा सेल असतो. झाकणाला स्क्रू नसेल तर ती पणती आणू नका. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आता त्या ताईंच्या बोलण्याकडे वळते. परदेशात आपण एकमेकांना पहिल्या भेटीत काका-मावशी करून टाकतो. हा आपला मोठा आधार आहे, पोरांना इथे दुसरे कोण नातेवाईक आहेत? पण मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, आणि "काकांना पापी दे" असं मूल मागे सरत असताना म्हणत राहिलं की नको म्हणायची त्याची सवय आपणच मोडतो. नमस्कार करू दे, टाळी देऊ दे, काहीच नको असेल तर तेही चालू दे. शी-शूला त्याला त्याचे आईबाबाच नेतील. आईवडील नसताना जे नियमित शिकवणार असतील त्यांची डीबीएस तपासणी, म्हणजे मागे काही गुन्हा नोंदला आहे का याची सरकारी तपासणी, मराठी मंडळामार्फत करून घ्या. स्वयंसेवकाला तिचं सरकारी शुल्क पडत नाही. त्यात फक्त मागचं कळतं, म्हणून एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल बंद दाराआड नको, मग ते कुणीही असो. मनात काही खटकलं तर एनएसपीसीसी या मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेला 0808 800 5000 वर फोन करून विचारता येतं, खात्री असायलाच हवी असं नाही.

फोटो आजी-आजोबांना पाठवायचे तर आपल्याच मुलाचे पाठवा. दुसऱ्याचं मूल त्यात असेल तर आधी विचारा.

शनिवारी सगळे जमले की त्या ताईंना सगळ्यांसमोर टोकू नका. चहा ओतताना स्वयंपाकघरात गाठा आणि सांगा, "त्या दिवशी आपला तो बाळ्या बाहेर गेला ना, मला अजून झोप लागत नाहीये. दारापाशी पहिली पाळी माझी. दुसरी तुम्ही घ्याल का?"