चौदा वर्षांच्या मुलीला 'द क्रुएल प्रिन्स' वाचायला द्यावी का?

हॉली ब्लॅक यांची ही 2018 सालची कादंबरी मला आवडली, पण डोळे झाकून शिफारस करावी इतकी नाही. आईवडिलांची डोळ्यांदेखत हत्या करणाऱ्या मॅडॉकच्याच घरी, परीलोकात वाढलेली नायिका ज्यूड, जी स्वतः माणूस आहे, ही या कादंबरीची खरी ताकद आहे. तिथल्या रहिवाशांना खोटे बोलता येत नाही, माणसांना मात्र येते. या एका नियमावर लेखिकेने दरबारातील कारस्थाने उभी केली आहेत, आणि मोहिनीपासून बचाव म्हणून अन्नावर मीठ भुरभुरणारी, विष अंगवळणी पडावे म्हणून ते थोडे थोडे घेणारी ज्यूड सहजासहजी विसरता येत नाही. पूर्वार्ध बराच रेंगाळतो. मला खटकले ते वेगळेच: राजपुत्र कार्डन आणि त्याची टोळी ज्यूडला निर्दयपणे छळतात, आणि त्या छळातूनच आकर्षण फुलवण्याचा घाट घातलेला दिसतो. कार्डनला स्वतःला घरी मार खावा लागतो, हे दाखवल्याने त्याचे वागणे माझ्या लेखी क्षम्य ठरत नाही. (त्याच टोळीतल्या लॉकबद्दल तर बोलायलाच नको.) रक्तपातही पुष्कळ आहे. तरीही चौदाव्या वर्षी द्यायला हरकत नसावी. फक्त आधी आपण स्वतः वाचावी आणि कार्डनविषयी मुलीचे मत जरूर विचारावे.